कारवारच्या खाडीवर हिवाळ्यातला एक दिवस: आधी पाणी बघा, मग पक्षी

खानापूरच्या एका हायस्कूलमधल्या सरांनी विचारलं आहे: ‘आम्ही चौघं मित्र चार वर्षं मलप्रभेच्या काठानं, राकसकोपला आणि हिडकलला पक्षी बघतो. गेल्या डिसेंबरात मोठ्या हौसेनं कारवारला गेलो. दहा ते एक काळी नदीच्या तोंडाशी उभे होतो. बगळे, घारी आणि पाणकावळे सोडले तर काही हाती लागलं नाही. परतताना संध्याकाळच्या सुमारास लांब चिखलावर शेदोनशे पक्षी दिसले, पण सगळे करडे, सगळे एकसारखे. आमचं काय चुकलं? यंदा नववीची आठ मुलं बरोबर न्यायचा विचार आहे. न्यावीत का?’

सर, तुम्ही गेलात त्या दिवशी तिथी कोणती होती ते लिहिलेलं नाही. पण दहा ते एक काही नाही आणि संध्याकाळी चिखलावर शेदोनशे पक्षी, यावरून मी सांगतो की पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ होती. कारवारला त्या दिवसांत भरती अकराच्या आसपास भरते आणि पाणी पहाटे व संध्याकाळी पाचच्या सुमारास पूर्ण उतरलेलं असतं. तुम्ही उभे होतात तेव्हा पक्ष्यांचं ताट पाण्याखाली होतं. जेवायला बसणारे जेवणाच्या जागी नव्हते, एवढंच.

आपण बेळगाव-खानापूरकडचे लोक धरणांवर आणि तळ्यांवर शिकलेले. हिडकलचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं आणि चिखलाचा काठ हळूहळू उघडा पडत जातो. आज गेलो काय, पुढच्या रविवारी गेलो काय, पक्षी जवळपास तिथंच. म्हणून आपल्याला सवय लागते ती सूर्य बघून निघायची: पहाटे उठायचं, उजाडताना पोचायचं. खाडीवर हे अर्धंच खरं. धरणाचा काठ दोन महिन्यांत जेवढा सरकतो तेवढा इथं दोन-तीन तासांत सरकतो, आणि पक्षी त्या काठाबरोबर चालतात. त्यांचा दिवस सूर्यावर नाही, पाण्यावर चालतो. चिखल मध्यरात्री उघडा पडला तर ते मध्यरात्री जेवतात आणि भर दुपारी झोपतात.

तेव्हा दिवस ठरवताना आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन. हा हिशेब मुंबईकडचा. कारवारला भरती मुंबईच्या आधी येते, म्हणून त्यातून तासभर वजा करा: सव्वाएक. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी सातला. डिसेंबर-जानेवारीत कारवारला सूर्य सातच्या सुमारासच उगवतो. म्हणजे उजेड आणि उघडा चिखल एकाच वेळी मिळतात आणि पुढचे सहा तास पाणी चढत राहतं. मी गेली वीसेक वर्षं हिवाळ्यातल्या फेऱ्या शक्यतो द्वितीया-तृतीयेलाच ठेवतो, शुद्ध असो वा वद्य. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते हे लक्षात ठेवलं की बाकीच्या दिवसांचंही गणित जमतं. हिशेब अंदाजाचा आहे. निघण्याआधी कारवार किंवा मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक जरूर बघा. सर्व्हे ऑफ इंडिया ते दर वर्षी काढतं आणि मोबाइलवरही मिळतं.

अष्टमीच्या आसपास मात्र जाऊ नका. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी थोडंच चढतं आणि थोडंच उतरतं. मुंबईला भांगातही बऱ्यापैकी चिखल उघडा पडतो, कारण तिथं उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. कारवारला उधाणातसुद्धा हा फरक दोन मीटरच्या आतबाहेर. म्हणून आपल्या खाडीत चिखलाचे पट्टे लहान, तुकड्यातुकड्यांचे असतात आणि भांगात त्यांतले निम्मे वर येतच नाहीत. ठाण्याच्या खाडीसारखे फ्लेमिंगोंचे गुलाबी थवे इथं शोधू नका. इथं थवे शेकड्यांचे, हजारांचे नव्हेत. मला ते आवडतं. पक्षी मोजता येतात, एकेकाकडे बघायला सवड मिळते.

आता जागा. बेळगावहून बहुतेक मंडळी चोर्ला घाट उतरून गोव्यात चोडणला जातात. मांडवीतलं ते सलीम अली पक्षी अभयारण्य सुंदर आहे, पण जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आणि मुख्यतः कांदळवनाचं. तिथं होडीतून खंड्यांच्या जाती बघाव्यात. चिखलावरचे पक्षी शिकायला मला कारवारच बरं वाटतं. शनिवारी दुपारी खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उजेडी उतरा, कद्र्यावरून नदीच्या काठाकाठानं कारवार गाठा आणि मुक्काम करा. त्याच दिवशी पहाटे निघून सातला पोचायचा हट्ट धरू नका. चालवणारा माणूस दिवसभर पेंगतो आणि घाट परत चढायचा असतो.

सकाळी पहिला तास नदीच्या तोंडाशी द्या, कोडीबागच्या बाजूनं. सूर्य पाठीमागून, पूर्वेकडून येतो आणि समोरच्या वाळूच्या दांड्यावर उजेड सरळ पडतो. तिथं कुरव (गल) आणि सुरय (टर्न) बसलेले असतात. हे सगळे एकाच दिशेला, वाऱ्याकडे तोंड करून बसतात, म्हणून एका टोकापासून सुरुवात करून एकेक ओळखत जाणं सोपं. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव, दोघांचीही डोकी हिवाळ्यात पांढरी असतात, कानाशी फक्त एक डाग उरतो. डोळा फिका आणि उडताना पंखाच्या काळ्या टोकात पांढरे आरसे दिसले तर तपकिरी डोक्याचा. सुरयांमध्ये चोचीचा रंग बघा: पिवळी तर मोठा तुरेवाला, नारिंगी तर छोटा तुरेवाला, लालभडक आणि गाजराएवढी जाड तर कॅस्पियन. कुर्मगडाच्या दिशेनं आकाशावर नजर असू द्या. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसण्याची आशा इथं नेहमी धरता येते. पंख वर उचललेले, शेपूट आखूड, पाचरीसारखी. एकदा मी त्याच्या पायांत समुद्रसाप लोंबताना पाहिला आहे.

एक सूचना इथंच देतो. कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे. त्या बाजूला दुर्बीण, टेलिस्कोप, कॅमेरा रोखू नका. आणि ड्रोन घरीच ठेवा, नौदलासाठी आणि पक्ष्यांसाठीही.

साडेआठला तोंडाकडचं पाणी स्पष्ट चढायला लागतं. तेव्हा आत सरका, सुंकेरी-कडवाडकडच्या खाड्यांकडे. भरती समुद्राच्या तोंडाशी लागली तरी आतल्या खाडीत पोचायला तिला वेळ लागतो. म्हणजे तोंडाशी चिखल बुडत असताना आत अजून उघडा असतो आणि तुम्हाला आणखी तासाभराचा चिखल मिळतो. ही गोष्ट मला कुठल्या पक्षीतज्ज्ञानं नाही, तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या एका मावशींनी सांगितली. कमरेला टोपली बांधून त्या गुडघाभर चिखलात होत्या, मी काठावर हताश उभा. ‘हंय खंय बगतास? भितर वच,’ एवढंच म्हणाल्या. मी आत गेलो आणि वळणावर सव्वाशे पक्षी चरत होते.

तिथं पोचल्यावर उभं राहू नका, बसा. बांधाआड, कांदळाच्या सावलीत, पाठीवर सूर्य घेऊन बसा आणि पाण्याला पक्षी तुमच्याकडे आणू द्या. चढत्या पाण्याचा हाच फायदा आहे. काठ दर दहा मिनिटांनी थोडा जवळ येतो आणि त्याच्याबरोबर पक्षीही येतात. साडेनऊला जे ठिपके होते त्यांचे पाय साडेदहाला रंगासकट दिसतात. चिखलात उतरायचा मोह धरू नका. तिसऱ्या काढणाऱ्यांना कुठं पाय द्यायचा ते ठाऊक असतं, आपल्याला नाही. मांडीपर्यंत रुतलेल्या माणसाला बाहेर काढताना मी पाहिलं आहे.

आता तुमच्या करड्या पक्ष्यांकडे येतो. हिवाळ्यात ते करडेच असतात. विणीचे रंग त्यांनी उत्तरेला उतरवून ठेवलेले असतात. पुस्तकातलं चित्र आणि चिखलावरचा पक्षी यांचा रंग जुळवत बसलात तर दिवस जाईल. आधी रंग सोडा आणि तो जेवतो कसा ते बघा.

काही पक्षी चार पावलं पळतात, थबकतात, मान तिरकी करतात, एक टोच मारतात, पुन्हा पळतात. डोळे मोठे, चोच आखूड. हे चिखल्या (प्लोव्हर). ते डोळ्यांनी शिकार करतात; थांबतात ते हालचाल टिपायला. दुसरे न थांबता चालत असतात आणि चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर चाललेली असते. हे तुतवार (सँडपायपर) कुळातले. त्यांची शिकार चिखलात दडलेली, डोळ्यांना न दिसणारी. त्यांच्या चोचीच्या टोकाला ज्ञानतंतूंचं दाट जाळं असतं, आतला किडा त्यांना चोचीनं जाणवतो. शिवाय त्यांच्यातले पुष्कळ जण चोच पूर्ण न उघडता नुसतं टोक उघडू शकतात. चिखलात बोटभर खोल असताना अख्खी चोच उघडायला जागा कुठली? टेलिस्कोपमधून ही टोकाची हालचाल एकदा दिसली की माणूस तासभर जागचा हलत नाही.

पळून थांबणारे आणि न थांबणारे, या दोन वाटण्या केल्यात की निम्मं काम झालं. पुढे चोचीची लांबी बघा, कारण लांबीप्रमाणे चिखलाचे मजले वाटून घेतलेले आहेत. लिटल स्टिंट चिमणीएवढा, वजन पंचवीसेक ग्रॅम, वरच्या पापुद्र्यावर टिपतो. मधल्या थरात टिलव्यांसारखे (रेडशँक, ग्रीनशँक) मध्यम चोचीचे. सगळ्यात खाली पोचतो तो कर्ल्यू. त्याची चोच बाकदार आणि इतकी लांब की खेकड्याच्या बिळाचा बाक तो चोचीनं उतरतो. म्हणून एकाच चिखलावर पाच-सहा जातींचे पक्षी खेटून जेवतात आणि भांडणं कमी होतात.

चिखल्यांमध्ये इथं गोंधळ होतो तो केंटिश आणि सँड प्लोव्हरचा. मानेमागे पांढरी कॉलर पूर्ण फिरली असेल तर केंटिश. नसेल तर सँड प्लोव्हर. त्यात लहान आणि मोठा असे दोन. मोठ्याची चोच लांब आणि जड, पाय पिवळट. एकटा दिसला तर मी वहीत नुसतं ‘सँड प्लोव्हर’ लिहितो. दोघं शेजारी असले तरच निवाडा करतो. लहान सँड प्लोव्हरचे आता दोन वेगळे पक्षी मानतात आणि आपल्याकडे येतो तो तिबेटी. तिबेट-लडाखच्या उंच पठारावर घरटं करणारा पक्षी कारवारच्या खाऱ्या चिखलात हिवाळा काढतो.

रेडशँक आणि ग्रीनशँक उडाल्यावर ओळखा. रेडशँकच्या पंखाच्या मागच्या कडेला पांढरा रुंद पट्टा असतो, लांबूनही चमकतो. ग्रीनशँकचे पंख सबंध काळपट आणि पाठीवर पांढरी पाचर. शिवाय तो उडताना तीनदा स्पष्ट ‘ट्यू ट्यू ट्यू’ ओरडतो. ग्रीनशँकसारखाच पण सडपातळ, चोच सुईसारखी सरळ, असा दिसला तर मार्श सँडपायपर. आणि एखादा बुटका, नारिंगी पायांचा, चोच वर वळलेली, खेकड्यामागे वेड्यासारखा धावताना दिसला तर आनंदानं ओरडू नका. तो टेरेक सँडपायपर. मला आजही तो दिसला की बरोबरच्याचा हात धरावासा वाटतो.

कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेल दोघांची चोच बाकदार. डोक्यावर पट्टे असले तर व्हिम्ब्रेल. तो उडताना सात-आठ वेळा एका सुरात खिदळल्यासारखा आवाज काढतो. ढुंगण हलवत चालणारी तुतारी, शेकाट्या, ठिपकेवाली तुतारी हे तुम्ही मलप्रभेवर रोज बघता, त्यांच्यावर खाडीत वेळ घालवू नका. उलट घरी असताना त्यांच्यावरच सराव करा. शेकाट्याशेजारी तुतारी केवढी दिसते, तुतारीशेजारी छोटा कंठेरी चिखल्या केवढा, ही मापं डोळ्यांत बसली की खाडीत नवा पक्षी त्यांच्याशी ताडून बघता येतो.

साडेदहानंतर ऊन चढतं आणि चिखलावर हवा लहरू लागते. साठपट टेलिस्कोप असेल तर वीस-पंचवीसवर आणा. मोठं करून दिसतं ते फक्त थरथरणं. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे. चौघांत एक टेलिस्कोप आणि एक चांगली तिकाटी असली तरी दिवस सुखानं जातो.

साडेअकरानंतर चिखल बुडत आला की थवे उठायला लागतात. लोक इथंच दुर्बिणी पेटीत घालतात, आणि मी नेमका इथं सावध होतो. उठलेला थवा कुठल्या दिशेला जातो ते बघा. खाडीलगत बांध घातलेली खाजणं आहेत, कानडीत त्यांना गजनी म्हणतात. भात कापून झाल्यावर ती ओली, मोकळी असतात. अशाच एखाद्या शेतात, किंवा उंच वाळूच्या पट्टीवर, सगळी मंडळी एका पायावर, चोच पाठीत खुपसून दाटीनं बसते. दिवसभरातली सगळ्यात चांगली मोजणी इथं होते. पण सगळ्यात जास्त नुकसानही इथंच होतं. पाणी उतरेपर्यंतचे दोन-तीन तास हीच त्यांची विश्रांती. एप्रिलपर्यंत त्यांना अंगावर चरबी चढवायची असते आणि मग हिमालय ओलांडायचा असतो. फोटोसाठी एकदा उठवलं, दुसऱ्यानं पुन्हा उठवलं, की दिवसभर खाल्लेलं पंखांवर खर्च होतं. थव्यातले पक्षी डोकी वर काढायला लागले, चालायला लागले, की तुम्ही फार जवळ आलात. तिथंच थांबा आणि मागं सरका. बहिरी ससाणा आला आणि सगळा थवा धुरासारखा वळला तर ती गोष्ट वेगळी, ते बघायला मिळालं तर भाग्य.

मोठी खाडी बघायची असेल तर दुसऱ्या फेरीत कुमट्याजवळ अघनाशिनीवर जा. तिथं चिखल पुष्कळ आणि भरतीच्या वेळी सानीकट्ट्याच्या मिठागरांकडे पक्षी येतात. २०२४ मध्ये ती खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आणि तिच्याबरोबरच गदगजवळचं मागडीचं तळंही, जिथं हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. पहिल्या फेरीत मात्र एकच खाडी, एकच भरती.

वहीत तारीख आणि वेळेबरोबर तिथी आणि पाण्याची अवस्था लिहा: ‘वद्य तृतीया, चढतं, निम्मं.’ हे नसेल तर ‘कारवार, रेडशँक ४०’ या नोंदीचा पुढच्या माणसाला फारसा उपयोग नाही. कारवारचा जिल्हा, उत्तर कानडा, १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि जे. डेव्हिडसन या तिथल्या कलेक्टरनं १८९८ मध्ये जिल्ह्यातल्या पक्ष्यांची यादी छापली. तेव्हाच्या नोंदी आपण आज वाचतो, तशा तुमच्या कुणीतरी वाचणार आहे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. आपली एका सकाळची मोजणी तिला जोडा.

राहिली मुलं. जरूर न्या, पण आठ जण एका बांधावर नकोत. चौघं नदीच्या तोंडाशी, चौघं आत, प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसं, मग अदलाबदल. गडद, मळखाऊ कपडे, टोपी, पाणी, आणि चिखलात पाय घालायचा नाही ही एकच कडक अट. पक्ष्यांची यादी पाठ करून आणू नका. प्रत्येकाला एक पक्षी नेमून द्या आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायला सांगा: किती पावलं चालला, किती टोचा मारल्या, किती वेळा काही गिळलं. मागच्या वर्षी बेळगावच्या एका शाळेतली मुलगी आमच्याबरोबर होती, पक्षी कधी पाहिलेले नव्हते. तिच्या वाट्याला व्हिम्ब्रेल आला. दहा मिनिटांनी तिनं वही दाखवली: अकरा खेकडे पकडले, नऊ गिळले, दोन सुटले. खाली एक ओळ होती, ‘गिळायच्या आधी झटकून झटकून पाय तोडतो, पण लहान खेकड्याचे तोडत नाही.’ मी इतकी वर्षं व्हिम्ब्रेल बघतोय, लहान-मोठ्यातला हा फरक मी कधी टिपला नव्हता. त्यानंतरच्या तिन्ही फेऱ्यांत मी तेवढंच तपासतोय. आतापर्यंत तिचं म्हणणं बहुतेक वेळा खरं ठरलंय.